तोबरा जनुक

"ताई, तुझ्या जनुकानं मला नापास केलं."

बिरदेवचा फोन आला तेव्हा कोमल बरकडे एका वरातीच्या घोडीचा पुढचा पाय गुडघ्यांत धरून खूर तपासत होती. तिला वाटलं, धाकटा भाऊ नेहमीसारखी थट्टा करतोय.

"कशात नापास?"

"बंदराच्या नोकरीत. डोळे पास, कान पास, हाताचा वेग तर म्हणे सगळ्या उमेदवारांत सरस. मग रक्त घेतलं. सकाळी निरोप आला. तोबरा दोन. बैठ्या कामाला अपात्र."

कोमलनं घोडीचा पाय हळूच जमिनीवर टेकवला.

कोकणातल्या त्या नव्या बंदरावर माल उतरवणाऱ्या क्रेनवर आता माणूस चढत नसे. किनाऱ्यापासून दूर एका थंडगार खोलीत पडद्यांसमोर बसून एकेक जण तीन-तीन क्रेन हलवायचा. बरकड्यांची मेंढरं दर हिवाळ्यात माणदेशातून घाट उतरून त्याच बाजूला जायची. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवली की लहानगा बिरदेव टेकाडावर जाऊन त्या क्रेनच्या माना वरखाली होताना बघत राहायचा. पुढे त्यासाठीच तो शिकला. मेंढरांमागे चालता चालता, कानात धडे लावून.

"निरोपात खाली तुझं नावपण आहे," बिरदेव म्हणाला. "आधार म्हणून कोमल बरकडे आणि ओगले यांचा शोधनिबंध. मी ते तिथल्या पोरांना दाखवलं. म्हटलं, ही माझी सख्खी बहीण. कुणी विश्वासच ठेवेना."

"आबांना कळलं?"

"कळलं म्हणजे? पेढे वाटायचे बाकी आहेत."

*

जनुकाला 'तोबरा' हे नाव कोमलनंच दिलं होतं, आणि तेही चहा पिता पिता.

ती काम करत असलेल्या पशुवैद्यक संशोधन केंद्रात लग्नसराई आली की भीमथडीची तट्टं लंगडत यायची. वरातीच्या वाटेवर घरोघरचे लोक त्यांना प्रेमानं भिजवलेले हरभरे आणि गूळ चारत. मालकही मिरवणुकीआधी तोंडाला चंदीची गच्च पिशवी, तोबरा, बांधत, म्हणजे घोडं नाचेल. मग काही तट्टांच्या खुरांच्या आतला नाजूक पदर सुजायचा, हाडापासून सुटायचा आणि जनावर उभं राहीनासं व्हायचं. रक्त तपासावं तर साखर अगदी शहाण्यासारखी जागच्या जागी. ती जागेवर ठेवण्यासाठी स्वादुपिंड मात्र इन्सुलिनचे पाट सोडून सोडून मेटाकुटीला आलेलं. खुरांचं नुकसान करत होतं ते हेच वाजवीपेक्षा कितीतरी जास्त इन्सुलिन.

सगळ्या तट्टांना हे होत नसे. काहींनाच का, या प्रश्नातून कोमलचं संशोधन सुरू झालं.

माणसांत मधुमेहाची जनुकं हुडकायची तर लाखो माणसं लागतात. आपल्या पूर्वजांची इतकी सरमिसळ झालेली असते की दोषी जनुकाचा पत्ता असलेला कागद फाटून त्याचे कपटे झालेले असतात. शिवाय प्रत्येकाचं खाणं वेगळं, झोप वेगळी, घरची कटकट वेगळी. भीमथडीच्या तट्टांचं तसं नाही. त्यांचे पूर्वज मूठभर, त्यामुळे डीएनएचे लांबच लांब पट्टे पिढ्यान्‌पिढ्या अखंड उतरलेले. तबेला एक, खुराक एक. काही शे जनावरांच्या तपासणीतच आजारी तट्टांमध्ये सारखा असणारा पट्टा सापडला आणि त्या पट्ट्यात ते जनुक.

त्याचं काम साधं होतं. आतड्यात अन्न पोचलं की 'आलं' असा एक निरोप स्वादुपिंडाकडे जातो. हे जनुक त्या निरोप्याचा आवाज ठरवतं. त्याच्या एका प्रकारात निरोपे दुप्पट मोठ्यानं ओरडतात आणि इन्सुलिन दुप्पट सुटतं. दुष्काळात ही चैनच, कारण मिळालेला कण न्‌ कण साठवला जातो. रोज तोबरा भरलेला असेल तर मात्र तोच गुण मुळावर येतो.

तेच जनुक माणसात असतं. त्याचा तसाच मोठ्या आवाजाचा प्रकारही असतो. आधीच्या संशोधकांना तो दिसला होता, पण त्यांनी किरकोळ म्हणून बाजूला टाकला होता, कारण ते सगळे साखर मोजत होते. माणसाची साखर वर्षानुवर्षं ठीक राहते, आत स्वादुपिंड झिजत राहतं आणि पस्तिशी-चाळिशीत एकदम कोसळतं. घोड्याच्या खुरानं जे बोंबलून सांगितलं, ते माणसाच्या रक्तानं झाकून ठेवलं होतं. कोमल आणि तिचे मार्गदर्शक ओगले सर यांनी जेवणानंतरचं इन्सुलिन बघितलं आणि ते जनुक लख्ख पुढे आलं. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही मोठ्या आवाजाचे आले तर 'तोबरा दोन'. अशा दहांपैकी सातांना मधुमेह.

दहांत सात. हा आकडा बातम्यांतून घरोघरी गेला. विमावाल्यांनी उचलला, मग कारखान्यांनी, मग बंदरानं. आणि आता तो फिरून कोमलच्याच दारात आला होता.

*

दसरा एका दिवसावर आला होता. दिवाळी झाली की मेंढरं खाली कोकणात निघणार, त्यामुळे गावात लोकर कातरण्याची गडबड होती. कोमल पोचली तेव्हा तिचा बाप, म्हाकू बरकडे, अंगणात कातरलेल्या लोकरीच्या ढिगापाशी उभा होता. लेकीला बघताच त्याचा चेहरा फुलला.

"ये गं बाय! तू येवढी शिकलीस त्येचं आज सार्थक झालं. जे मी घसा फोडून सांगत हुतो, ते तुझ्या यंत्रानं सांगितलं. धनगराचं रगात ह्ये चालणाऱ्याचं रगात. बसलं की कुजलं."

"आबा, रक्त चालत नाही. पाय चालतात," आतून बिरदेवचा आवाज आला.

"ऐकलंस? शिकलेलं बोलतंय. तुझ्या चुलत्यानं काय केलं? मेंढरं इकली, बारामतीला रखवालदाराच्या खुर्चीत बसला. सा-सात वर्सांत पाय कापला, मागनं त्योबी गेला. खुर्चीनं खाल्लं माझ्या भावाला."

"खुर्चीनं न्हाय, चहाच्या टपरीनं खाल्लं," कोमलची आई सुपातली ज्वारी पाखडत म्हणाली. "दिसाला धा चहा. चहासंगं खारी, खारीसंगं जिलबी. मी सौताच्या डोळ्यानं बघितलंय भावजींना."

"तू गप गं."

"गपच हाय. ज्वारी बोलतीय."

बिरदेव बाहेर आला. सहा महिन्यांत पोरगा उतरल्यासारखा दिसत होता. कोमलला त्याच्या डोळ्यांत राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. राग नव्हता. तो थकलेला होता.

"ताई, एक सांग. तुझा आकडा खरा आहे ना? मग मी मुकाट्यानं काठी उचललेली बरी. खोटा असेल तर सांग. मी भांडतो."

तिनं लगेच हो म्हटलं नाही, आणि आपण हो म्हणत नाही आहोत हे तिचं तिलाच जाणवलं. समोर खुंट्यांना तळावरची पाच तट्टं बांधलेली होती. बिऱ्हाड वाहणारी, भांडी, कोंबड्या आणि दमलेली कोकरं पाठीवर घेऊन दरसाल घाट चढणारी, उतरणारी. पाचही ठणठणीत. यांतलं एकही तिच्या अभ्यासात नव्हतं. कशाला असेल? अभ्यासात आली ती इस्पितळात आलेली तट्टं: वरातीची, टांग्याची, हौशी श्रीमंतांच्या तबेल्यातली. माणसंसुद्धा तशीच, शहरातल्या दवाखान्यांच्या रांगेतली. चालणारं जनावर आजारी पडत नाही, म्हणून ते दवाखान्यात येत नाही, म्हणून ते मोजलं जात नाही. धनगराच्या पोरीनं संशोधन करावं आणि त्यात धनगराचं एकही घोडं नसावं!

तिनं पाची तट्टांच्या शेपटीचे केस घेतले. गाडीतल्या छोट्या वाचनयंत्रात घातले. जेवणं होईतो उत्तर आलं. चार तट्टं तोबरा दोन. पाचवं तोबरा एक.

तिनं ओगले सरांना फोन लावला. "सर, दोन-दोन प्रती घेऊन माझ्या बापाची घोडी मजेत घाट चढतायत."

तिनं पाची तट्टांचे निकाल वाचून दाखवले. मग सर म्हणाले, "म्हणजे आपला आकडा लंगडा आहे तर."

आबा दारातून ऐकत होता. त्याला हवं तेवढंच त्यानं उचललं. "मंग? चालत ऱ्हायलं तर तुझं जनुक काय वाकडं करतंय? मी काय निराळं सांगत हुतो? बिऱ्या, दिवाळी झाली की निघायचं."

कोमलनं डोळे मिटले. भावाची बाजू मांडायला आली आणि बापाच्या हाती काठी देऊन बसली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात गेली आणि तिथे सावळीसमोर उभी राहिली.

सावळी ही देवाची घोडी. तळाबरोबर देवांची पेटी असते, ती जिच्या पाठीवर जाते ती देवाची घोडी. तिच्यावर कुणी बसत नाही, तिला लोखंड लावत नाहीत, नाल नाही की सुई नाही. म्हातारी झाली तरी विकत नाहीत. सावळीनं पेटी वाहायचं सोडलं त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ती बोरीच्या झाडाखाली बांधलेली असे. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, एवढाच तिचा प्रवास. बैठं काम यापेक्षा बैठं असूच शकत नाही.

कोमल खाली वाकली. खूर गुळगुळीत, घट्ट, एकही वाकडी रेघ नाही.

बोरीच्या काट्यांना शेपटीचे केस अडकले होते. ते काढून तिनं वाचले. तोबरा दोन.

ती तशीच धावत अंगणात आली. "बिरू! सावळी चालत नाही!"

"हे शोधायला तुला यंत्र लागलं?"

"अरे, चालत नाही, दोन प्रती आहेत आणि तरी धडधाकट आहे! मग तिला वाचवतंय कोण? तेच शोधायचंय. मला तिच्या अंगावर दोन दिवस एक पट्टी लावायची आहे. खाल्ल्यावर इन्सुलिन किती सुटतं ते कातडीतूनच कळतं."

आबा पुढे आला. त्यानं ती पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली. "ह्यात सुई हाय?"

बिरदेवनं बहिणीकडे बघून हळूच मान हलवली. नाही म्हण.

"आहेत, आबा," कोमल म्हणाली. "केसापेक्षा बारीक काटे आहेत. शेकडो. लोखंडाचे नाहीत, अंगातच विरघळतात. पण टोचतात."

आबानं पट्टी परत दिली. "मंग न्हाय."

"आबा, लोखंड नाही म्हणतेय ना ती," बिरदेव म्हणाला.

"सुई म्हंजे सुई. लोखंडाची काय आन्‌ सोन्याची काय. देवाची हाय ती."

"देवाची आहे की तुमच्या सोयीची आहे?" बिरदेवचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "ठीक आहे. मी येतो तुमच्याबरोबर. दिवाळी झाली की काठी घेतो. पण एक करा आबा, देवानं मला इथे ठेवलं असं कुणाला सांगू नका. रक्तानं ठेवलं असंही सांगू नका. तुम्ही ठेवलं. तेवढं खरं बोला."

आणि तो लोकरीचं ओझं उचलून निघून गेला.

दिवसभर आबा कुणाशी बोलला नाही. मेंढरांच्या शिंगांना हळद लावताना नाही, की दसऱ्याचं सोनं वाटताना नाही. कोमल तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सामान ठेवू लागली, तेव्हा तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"ती पट्टी कुठं लावायची असती?"

"मानेवर. आयाळीखाली."

"सावळी पंधरा वर्सं घाटातनं गेली. तिच्या मानंत, पोटात, कुठं कुठं गोखरू रुतलं, बाभळीचं काटं रुतलं. देव तिच्या पाठीवर बसून बघत हुता. त्यानं गोखरूला कदी मनाई केली न्हाय." तो परसाकडे वळला. "मंग तुझ्या पट्टीलाच कशापायी करंल? पर मी धरतो तिला. दुसऱ्याला हात लावू देणार न्हाय."

त्यानं सावळीच्या कानात काहीतरी पुटपुटत तिची मान धरली. कोमलनं पट्टी दाबली. सावळीनं नुसती कातडी थरथरवली, माशी बसल्यावर थरथरवतात तशी.

*

पडद्यावरची रेघ जवळजवळ आडवी होती.

कोमलला आधी वाटलं, पट्टी बिघडली. सावळीनं कडबा खाल्ला, त्यावर गूळ कुस्करलेली भाकरी खाल्ली. वरातीच्या घोडीची रेघ एवढ्यावर ताडासारखी उभी राहिली असती. इथे एक लहानसं टेकाड आलं आणि ओसरलं. तिनं दुसरी पट्टी लावली. तेच.

"आई, हिला रोज असंच देतेस?"

"असंच म्हंजे?"

"आधी कडबा, मग भाकरी-गूळ."

"मंग काय आधी परसाद दिऊ?" आईला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "देवाच्या घोडीनं देवाम्होरं हावरटपणा करू न्हाय. आधी तिनं पोटभर वैरण खावी, मंग निवद. माझ्या सासूनं घालून दिलेली रीत हाय. दुसऱ्या घोड्यांना कुटला निवद?"

कोमलनं पडद्यावरची आडवी रेघ पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाली, "उद्या एक दिवस उलटं करायचं. आधी भाकरी-गूळ."

आई कुरकुरली. आबा काही न बोलता दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, म्हणजे त्यानं बघितलं नाही असं देवाला वाटावं. सावळीनं उपाशी पोटी भाकरी-गूळ मटकावला आणि पडद्यावरची रेघ उसळली. हुबेहूब वरातीच्या घोडीसारखी.

तिसऱ्या दिवशी पुन्हा कडबा आधी. रेघ पुन्हा आडवी.

आता कोडं सुटलं होतं. तो निरोप धाडणाऱ्या पेशी आतड्याच्या अगदी वरच्या भागात असतात. उपाशी पोटी पीठ-गूळ गेला की तो लोंढ्यानं तिथे येऊन आदळतो, आणि मोठ्या आवाजाचे निरोपे बोंब मारतात. आधी वैरण गेली तर पोटात तिचा दाट लगदा तयार होतो. मागून आलेलं गोड त्यातून झिरपत झिरपत येतं. लोंढाच नाही तर आरडाओरडा कशाला? तळावरची तट्टं दिवसभर चालता चालता काडी काडी चरतात, त्यांच्या पोटात लोंढा येतच नाही. चालण्याचा फायदा खोटा नव्हता. पण नुसतं चालणं वाचवत होतं असंही नव्हतं.

एका घोडीनं काही सिद्ध होत नाही, हे कोमलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून केंद्रावर परतताच तिनं तबेल्यातल्या तोबरा दोन तट्टांचा खुराक तोच ठेवून क्रम बदलला, आणि त्यांच्या रेघा आडव्या होत गेल्या. मग माणसं. रोज काय, कधी, कशामागून खाल्लं याची नोंद देणारे हजारो स्वयंसेवक ओगले सरांच्या ओळखीच्या एका संस्थेकडे होते. त्यातले तोबरा दोनवाले वेगळे काढले. ज्यांच्या जेवणाची सुरुवात चहा-बिस्किटानं, पावानं, नुसत्या भातानं होत होती त्यांच्यात आजार भरमसाट. पालेभाजी, उसळ, कोशिंबीर आधी खाणाऱ्यांत तो इतर माणसांइतकाच.

बिरदेव आठवडाभर दंडाला पट्टी लावून हिंडला. तो रोज दोन रेघा पाठवायचा, त्याखाली शेरा: "भाकरी आधी, शिखर. भाजी आधी, पठार. आई विचारते, चटणी कशात धरायची?"

ओगले सरांनी सगळा मजकूर वाचून चष्मा कपाळावर चढवला. "कोमल, या आकड्यानं आपल्याला जगभरातून आमंत्रणं येतायत. तो आपणच पाडायचा?"

"सर, लंगडं घोडं वरातीत नाचवायचं का?"

सर हसले. दुरुस्तीच्या मजकुरात त्यांनी स्वतःचं नाव पहिलं घातलं. चुकीत आपला वाटा मोठा आहे म्हणाले.

*

बंदराच्या वैद्यकीय विभागातल्या डॉ. सबनीस मोजक्या बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी जुना निबंध आणि दुरुस्तीचा मजकूर शेजारी शेजारी उघडून ठेवले होते.

"तुमच्याच आकड्यावर आम्ही नियम केला. आता तुम्हीच तो मोडायला आलात. आणि उमेदवार तुमचा भाऊ."

"हो."

"हे मी विसरावं अशी अपेक्षा आहे?"

"मुळीच नाही," कोमल म्हणाली. "विसरू नका. म्हणून त्याची चाचणी मी घेत नाही, तुम्ही घ्या. तुमची पट्टी, तुमचं जेवण. जनुक बघू नका, जेवणानंतरचं इन्सुलिन बघा. आणि एकट्या त्याची घेऊ नका. तोबरा दोन म्हणून परत पाठवलेल्या सगळ्यांना बोलवा. त्यांतलं दुसरं कुणी माझ्या नात्यातलं नाही."

डॉ. सबनीसांनी पेन खाली ठेवलं. "भाजी आधी खाल्ली म्हणजे झालं, इतकं सोपं?"

"सोपं नाही. आयुष्यभर करायचंय. पण आपण ज्या माणसाला हे सांगू शकतो त्याला घरी पाठवायचं, आणि ज्याला काहीच माहीत नाही त्याला खुर्चीत बसवायचं, हे कुठलं वैद्यक?"

बाईंनी पेन उचललं आणि नाकारलेल्यांची यादी मागवली. दोन दिवसांनी ते सगळे उमेदवार बंदराच्या कँटीनमध्ये लांबलचक टेबलाशी बसले होते, प्रत्येकाच्या दंडाला पट्टी. पहिल्या दिवशी भात आधी, दुसऱ्या दिवशी भात शेवटी. बिरदेवसमोर काकडी, मेथी आणि मटकीचा डोंगर होता.

"तू काय बकरी आहेस का रे?" शेजारच्या टेबलावरून एक क्रेनवाला ओरडला.

"मेंढरू," बिरदेव तोंडातला घास गिळत म्हणाला. "बकरी वेगळी. तुम्हाला फरक कळत नाही आणि तुम्ही क्रेन चालवता?"

कँटीन खदाखदा हसलं. डॉ. सबनीससुद्धा पडद्यावरची नजर न काढता हसल्या. त्यांच्यासमोर पहिल्या दिवसाच्या रेघा डोंगररांगेसारख्या होत्या आणि दुसऱ्या दिवशीच्या, दोन सोडून, माळरानासारख्या. त्या दोघांना औषध लागणार होतं. बाकीच्यांना फक्त ताट बदलावं लागणार होतं. दिवाळीच्या आधी नियम बदलला: जनुक हे नाकारण्याचं कारण नाही. दर तिमाहीस पट्टी. आणि कँटीनमध्ये कोशिंबीर-उसळीचा काउंटर भाताच्या आधी.

*

दिवाळी झाली. मेंढरं निघायचा दिवस उजाडला तेव्हा बिरदेव नव्हता. तो कामावर रुजू झाला होता, बापाचा होकार न घेता, आणि बापानं नकारही न देता. आबानं पुतण्याला बोलावून मेंढरं त्याच्या हवाली केली होती. आपण जात नाही एवढंच सांगितलं. का, ते नाही.

कळप वेशीबाहेर गेला. धूळ खाली बसली. आबा परत आला तो तडक दिवाळीला आलेल्या कोमलपुढे उभा राहिला.

"तुझ्याकडं एक पट्टी उरली आसंल."

"आहे की."

"मला लाव."

 त्यानं बाही वर केली. दंड बाभळीच्या खोडासारखा होता.

"पोरगं गेलं म्हंजे मेंढरं गेली. मेंढरं गेली म्हंजे मी बसलो," आबा दुसरीकडे बघत म्हणाला. "बिऱ्याचं भ्या नव्हतं गं मला. त्यो शिकलाय, त्यो बघंल त्येचं. मला माझं भ्या हुतं. भावाचा पाय कापला तवा त्येच्या उशाला मी हुतो. मला वाटायचं, ज्या दिशी माझं चालणं थांबलं त्या दिशी मी संपलो. आता सांग. मी बसलो तर?"

कोमलनं पट्टी लावली, नेहमीपेक्षा जरा जास्त हळुवारपणे. आबानं कातडीसुद्धा थरथरवली नाही. आईनं न सांगता ताट वाढलं. तांदुळज्याची भाजी, हुलग्याची उसळ, कांदा. भाकरी झाकून बाजूला ठेवली.

"ह्यो काय पाला? शेरडापुढं टाकल्यागत!"

"खावा गुमान," आई म्हणाली. "देवाच्या घोडीनं खाल्लं तर तुमास्नी काय झालं?"

आबानं कुरकुरत भाजी संपवली, उसळ संपवली, मग भाकरीला हात घातला. जेवण झाल्यावर तिघंही त्या छोट्या पडद्याभोवती बसून राहिली. रेघ थोडी वर गेली. आबा पडद्याकडे वाकला. मग ती तिथूनच सावकाश सपाट होत गेली.

"ही चांगली का वाईट?"

"चांगली, आबा. खूप चांगली."

"म्हंजे बसू?"

"बसा. संध्याकाळी वेशीपर्यंत एक फेरी मारा, पण बसा."

आबा भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून बसला. घटकाभरानं म्हणाला, "त्या बिऱ्याला फोन लाव."

बिरदेवचा आवाज आला, मागे यंत्रांची घरघर. "आबा? निघालात का? कुठपर्यंत पोचलात?"

"कुटं न्हाय. म्या हितं बसलोय," आबा म्हणाला. "तू तिथं बस. कुणी इचारलं तर सांग, बापबी बसलाय."